म्हाळसाचा फोटो

१

म्हाळसा जिवंत होती तोवर तिच्याकडं कुणी मान वळवून बघितलं नाही. आधार कार्डावरचा एक काळपट फोटो सोडला, तर जन्मात तिचा फोटो निघाला नव्हता. आणि मेली, तसा बारामतीहून इंदापूरला जाणाऱ्या रस्त्यावर, आधारवेल सोबतघराच्या फाटकाला तिचा पुरुषभर उंचीचा फ्लेक्स लागला. हिरवी साडी, केसांत गजरा, वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली संस्थापक चिंतामणराव हात जोडून उभे, तेही म्हाळसापेक्षा मोठे. मेलेल्यापेक्षा जिवंत माणूस मोठा दिसला नाही, तर फ्लेक्स लावायचा कशाला हो?

सोबतघर म्हणजे काही वसतिगृह नव्हे. जन्मतः समज कमी असलेली माणसं मोठी होतात, आईबाप थकतात, तेव्हा त्यांनी घरासारखं घर करून राहावं, जमेल तेवढं स्वतःचं स्वतः करावं आणि अडेल तिथं मदतीला माणूस असावा, अशी ती कल्पना. कल्पना झकासच होती.

म्हाळसाच्या घशात अख्खा पेढा अडकून ती गुदमरली, आणि तो पेढा तिच्याच शेजारी राहणाऱ्या बिरूनं कोंबला, असं सगळ्या गावात झालं होतं. ही बातमी निरवांगीहून बिरूचा म्हातारा बाप गेणबा घेऊन आला, तो थेट बारामतीत चाँदभाईंच्या गादीच्या दुकानात. एके काळी तो या दुकानाला लोकर घालायचा. त्याला गाठायचं होतं चाँदभाईंच्या बायकोला, जरिनाबाईला. जरिनाबाई पोलिसांतून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालेली. तिची जीभ मात्र अजून नोकरीवर होती.

"वहिनी, माझ्या बिरूनं बाईमानूस मारलं म्हंत्यात," गेणबा खाली बसत म्हणाला. "तेराव्याचं जेवान झालं की त्याला येड्यांच्या हास्पिटलात धाडनार हायेत."

"पोलीस काय म्हणतात?"

"अकस्मात मृत्यू म्हंत्यात. संस्थावाले म्हंत्यात, आमी केस करत न्हाय, आमचं मन मोठं हाय. पर त्याला हितं ठिवनार न्हाय." गेणबानं टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "त्याची आई गेली तवा मी त्याला दावनीला बांधून रानात जायचो. काय करू? हिरीकडं पळायचा. हितं आल्यावर दावं सुटलं त्याचं. शर्टाची बटनं लावतो, च्या करतो, एकटा जाऊन डेरीतनं दूध आनतो. आता पुन्यांदा बांधतील वो त्याला!"

जरिनाबाई उठली. चाँदभाईंनी नुसतं तिच्याकडं पाहिलं आणि तिची चप्पल पुढं सरकवली.

२

सोबतघराचा व्यवस्थापक कुशल हा समाजकार्याची पदवी घेतलेला, इस्त्रीच्या शर्टातला, गोड बोलणारा तरुण. गोड बोलणाऱ्या माणसाला जरिनाबाई नोकरीतही आधी खुर्ची द्यायची आणि मग घाम फोडायची.

"मॅडम, रविवारी माळेगावच्या ऋषिराजदादांचा वाढदिवस होता," कुशल म्हणाला. "ते कार्यकर्त्यांना घेऊन आले, केक कापला, सगळ्यांना कपडे वाटले, जेवण दिलं आणि गेले. त्या सगळ्या वेळात म्हाळसा आजी आपल्या खोलीत झोपून होत्या. बरं वाटत नव्हतं त्यांना. पाहुणे गेले, अनसूयामावशी भांडी घासायला बसल्या, आणि बिरूनं तेवढ्यात डाव साधला."

"डाव? पेढा भरवणं हा डाव?"

"म्हणजे, त्याला कळत नाही हो. अख्खा कोंबला. आजींना गिळायचा त्रास होता, त्यांना सगळं दुधात कालवून, बसवून द्यावं लागायचं."

"पेढा आला कुठून?"

"पाहुण्यांनी आणलेल्या खोक्यातला."

"कोंबताना कुणी पाहिलं?"

"पाहायची गरजच नाही मॅडम. त्यानं स्वतः कबूल केलंय. विचारा ना."

बिरू ओट्यापाशी उभा होता. थोराड अंगाचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. जरिनाबाईनं त्याच्याजवळ जाऊन विचारलं, "बिरू, म्हाळसाला पेढा तू दिलास?"

"व्हय," बिरू म्हणाला.

कुशलनं हात पसरले, बघा म्हणून.

"बिरू, काल तू विमानानं मुंबईला गेलतास?"

"व्हय."

"आणि मी तुझी आई हाय?"

"व्हय," बिरू म्हणाला, आणि हसला.

जरिनाबाई कुशलकडं वळली. "ज्याला 'न्हाय' म्हटल्यावर जन्मभर रट्टे मिळालेत, तो सगळ्याला व्हयच म्हणतो. एवढं तुमच्या पदवीत शिकवत नाहीत का? बरं, त्या दिवसाचे फोटो दाखवा."

कुशलचा चेहरा पहिल्यांदा हलला. "फोटो? फोटो नाहीत मॅडम."

बारामती तालुक्यात दादाचा वाढदिवस, त्यात गोरगरिबांना कपडेवाटप, आणि फोटो नाहीत? आमच्याकडं केक कापायच्या आधी स्टेटस पडतं! एक वेळ केक विसरतील, फोटो विसरणार नाहीत. फोटो काढले नाहीत हे शक्यच नव्हतं. म्हणजे ते होते, आणि कुणीतरी ते पुसले होते.

३

अनसूयामावशी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होती. सोबतघरात राहणाऱ्यांचं सगळं तीच बघायची, पहाटे उठवण्यापासून पाय चेपण्यापर्यंत. डोळे सुजलेले. जरिनाबाईला बघून तिनं हातातलं धोतर उगाच दोनदा झटकलं.

"मला काय इचारू नगा बाई. माझं हातावरचं पोट हाय."

"मी काही विचारत नाही. ही खुर्ची तेवढी इथं का पडलीय ते सांग."

पत्र्याच्या खोपटात, सिमेंटच्या पोत्यांआड, उंच पाठीची एक लाकडी खुर्ची होती. मानेला दोन्ही बाजूंनी आधार, पायाला फळी. सुताराकडून मापानं करून घेतलेली दिसत होती.

"म्हाळसाची हाय," अनसूया म्हणाली. "हिच्यात बसवूनच तिला भरवायचं. न्हायतर मान मागं पडती नि घास भलतीकडं जातो. डाक्टरनीच सांगितलंतं. मोठ्या खोलीत पाटी बी हाय, ती त्या दिशी वाढदिवसाच्या फ्लेक्सनं झाकली."

"मग इथं कशी?"

"पावनं येनार म्हून काढली. जुनी हाय, डाग पडल्यात, बरी दिसत न्हाय म्हनले." कोण म्हणालं ते तिनं सांगितलं नाही. मग ती खुर्चीवरची धूळ पदरानं पुसू लागली. "त्या दिशी मिळालेल्या नव्या हिरव्या साडीतच पोचवली वो तिला. एवढी चांगली साडी कधी घातली नव्हती तिनं."

पुढं काही बोलणार तोच बाहेर गाडी थांबली आणि अनसूयाचं तोंड मिटलं. चिंतामणराव आले होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, चेहऱ्यावर संतपण. जमीन विकून त्यांनी ही संस्था काढली, हे खोटं नव्हतं. अख्खी बारामती त्यांना आबा म्हणायची.

त्यांनी खिशातून चांदीची डबी काढली. दारातच बसलेल्या एका जुन्या रहिवाशाच्या तोंडात पेढा घातला. बिरूला एक दिला. बिरूनं तो न खाता खिशात ठेवला. मग डबी जरिनाबाईपुढं आली.

"घ्या. सातारी कंदी आहे. माझ्या हातचा पेढा खाल्ल्याशिवाय इथून कुणी जात नाही."

जरिनाबाईनं पेढा हातात घेतला. कोरडा, घट्ट.

"बिरूवर माझा राग नाही," आबा हळुवार आवाजात म्हणाले. "लेकरूच ते. पण बाकीच्यांच्या जिवाची जबाबदारी माझ्यावर आहे. तेराव्यानंतर त्याला पाठवावंच लागेल. तुम्ही गेणबाला समजवा."

"समजावते," जरिनाबाई म्हणाली. "आधी मला समजू दे."

४

ऋषिराज आठवडाभर गावात नव्हता; तेराव्याच्या आदल्या दिवशी माळेगावला, साखर कारखान्याजवळच्या आपल्या ऑफिसात भेटला. भिंतीवर त्याचेच चार फोटो होते, त्यामुळं माणूस ओळखायला अडचण आली नाही. पोरगा वाईट नव्हता. उठून उभा राहिला, चहा मागवला.

"पेढे कुठल्या दुकानातनं घेतले होते?" जरिनाबाईनं विचारलं.

"पेढं? पेढं न्हवतं नेलं आमी. जिलेबी नि केळी व्हती. जिलेबी बी हितल्याच हाटेलातली. इचारा हाटेलवाल्याला."

म्हणजे कुशलचं खोकं हवेतलंच होतं. जरिनाबाईनं चहाचा घोट घेतला.

"आणि फोटो?"

"फोन पान्यात पडला बाई माझा."

"बरोबरच्या पोरांचे?"

"त्येंचे बी…" तो अडखळला.

"सगळ्यांचे फोन एकाच पाण्यात पडले? उजनीच्या धरणात वाढदिवस केला की काय?"

ऋषिराजच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आबांनी सांगितलं, मयत झालीया, फोटो टाकनं बरं दिसत न्हाय, समद्यांनी पुसा. म्हून पुसलं. वंगाळ काय केलं?"

"त्या फोटोंत म्हाळसा होती का?"

तो खिडकीबाहेर उसाच्या ट्रॅक्टरकडं बघत बसला. "मला त्यातलं काय म्हाईत न्हाय," असं म्हणाला, आणि पुन्हा वर बघितलं नाही.

माणूस बोलत नव्हता आणि फोटो उरला नव्हता. उद्या तेरावा. रिक्षातून परतताना जरिनाबाईला गेणबाचं ते दावं डोळ्यांपुढून हलेना. सोबतघराच्या फाटकासमोरून जाताना तिची नजर सहज वर गेली, आणि ती ओरडली, "थांब रे! थांब आधी!"

५

ती फाटकासमोर उभी राहून फ्लेक्सकडं बघत राहिली. इतके दिवस येता-जाता बघितला होता, पण बघणं वेगळं आणि दिसणं वेगळं.

हिरवी कोरी साडी. घडीची मोड अजून खांद्यावर दिसत होती. ही साडी म्हाळसाला मिळाली पाहुण्यांकडून, वाढदिवसाच्या कार्यक्रमात. त्याच साडीत तिला पोचवली. मग हा फोटो निघाला कधी? साडी मिळाल्यावर आणि जीव जायच्या आधी, एवढ्याच वेळात. डोळे उघडे होते, म्हणजे बाई जिवंत होती. झोपलेली नव्हती, खोलीत नव्हती. गजरा माळून चारचौघांत बसली होती. आणि बसली होती ती पांढऱ्या प्लास्टिकच्या खुर्चीत, खुर्चीची पाठ तिच्या खांद्यामागून डोकावत होती. हनुवटीच्या खाली, फोटो जिथं कापला होता तिथं, कुणाच्या तरी पांढऱ्या बाहीची कड राहून गेली होती.

सगळ्यांना फोटो पुसायला लावले, अन् श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावल्यावाचून काही राहवलं नाही! फ्लेक्सला फोटो लागतो, आणि आधार कार्डावरचा काळपट सोडला, तर म्हाळसाचा दुसरा फोटो जगात नव्हता. जरिनाबाईला हसू यायला हवं होतं. आलं नाही.

फ्लेक्सच्या कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव होतं: फिरोज. चाँदभाईंचा सख्खा भाचा.

"व्हय मामी, कुशलसरांनीच पाठवला," फिरोज संगणकापुढं बसत म्हणाला. "म्हनले, बाईचा चेहरा तेवढा काप, बाकीचं काढून टाक. मी कापला. मूळ फोटो हाय की अजून."

"दाखव."

फोटो पडद्यावर पसरला. जरिनाबाईनं तो वरपासून खालपर्यंत पाहिला. मग एका कडेला तिची नजर थांबली, आणि तिनं स्टूल ओढून पडद्याजवळ घेतलं.

"काय झालं मामी?"

"हाच फोटो, न कापता, मोठा छापून दे," ती म्हणाली. "जेवढा मोठा निघेल तेवढा."

६

तेराव्याचं जेवण सोबतघराच्या मोठ्या खोलीत होतं. म्हाळसाला पुढंमागं कुणी नव्हतं, म्हणून सगळं संस्थेनं केलं होतं, आणि ते संस्थेनं केलं हे सांगणारा आणखी एक फ्लेक्स भिंतीवर होता. संस्थेची मंडळी, ऋषिराज, गेणबा, सगळे बसले होते. कोपऱ्यात बिरूची पिशवी भरून ठेवली होती.

आबा बोलायला उठले, त्याच्या आधी जरिनाबाई उठली. तिनं भिंतीवरचा फ्लेक्स ओढून खाली काढला. मागं एक रंगवलेली पाटी होती: 'म्हाळसाला खुर्चीत बसवूनच भरवा. सगळं कालवून द्या. कोरडं, घट्ट काही देऊ नका.'

"ही पाटी तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकली होती," ती ऋषिराजला म्हणाली. "तुम्हाला माहीत असायचं कारण नव्हतं. पण इथं काही जणांना ती पाठ होती."

मग तिनं बरोबर आणलेली गुंडाळी उलगडली आणि त्याच खिळ्यांना अडकवली. फिरोज दारात उभा होता, त्यानं मान खाली घातली.

फोटोत म्हाळसा प्लास्टिकच्या खुर्चीत होती, मान मागं कललेली. तिच्या हनुवटीखाली, तोंडाकडं येणारा पांढऱ्या बाहीचा हात होता, आणि हातात अख्खा पेढा. चिंतामणराव कॅमेऱ्याकडं बघून हसत होते. शेजारी ऋषिराज हसत होता. कुशल हसत होता. मागची पोरं अंगठे दाखवत होती. आणि अगदी कडेला, अर्धा कापला गेलेला बिरू. त्याच्या एका हातात दुधाची वाटी होती, आणि दुसरा हात त्यानं त्या पेढ्याकडं लांब केला होता. फोटोतले सगळे कॅमेऱ्याकडं बघत होते. म्हाळसाकडं बघणारा तो एकटा होता.

"पाहुण्यांनी पेढे आणलेच नव्हते," जरिनाबाई म्हणाली. "इथं पेढा येतो तो एकाच डबीतून. खुर्ची काढली कारण ती फोटोत बरी दिसत नव्हती. बिरू वाटी घेऊन आला होता, कारण म्हाळसाचा घास कालवायचा असतो हे त्याला कळत होतं. तुम्हाला कळत नव्हतं का आबा?"

"मी प्रेमानं भरवला," चिंतामणराव पुटपुटले. "वर्षानुवर्षं भरवत आलो. तिला कधी काही झालं नाही."

"झालं न्हाय, कारन मी हुते!" अनसूयाचा आवाज फाटला. सगळ्यांनी वळून बघितलं. "दर टायमाला तुमच्या हातातला पेढा मी काढून घ्यायची आबा, नि दुधात कालवून द्यायची. त्या दिशी बी पुढं झाले. तुमी काय म्हनलात? 'अनसूया, बाजूला हो, फोटोत येतीस.' म्हनलात का न्हाय?"

आबा खाली बसले.

"ती खोकाय लागली, तर ह्यास्नी वाटलं हसतीया," अनसूया रडत म्हणाली. "टाळ्या वाजवल्या वो! मग कुशलसरांनी तिला खोलीत नेऊन आडवी केली. म्हनले, पावनं गेल्यावर बघू."

कुशल उभा राहिला. "संस्थेचं नाव गेलं असतं तर या सगळ्यांचं काय झालं असतं? बिरूला तसंही काही कळत नाही. त्याला नाव लागलं काय अन् न लागलं काय!"

"पेढा भरवला ती चूक होती," जरिनाबाई म्हणाली. "एखादवेळी चुकीला माफी असेल. तडफडणारी बाई पाहुण्यांसाठी आडवी करून ठेवली, आणि ते पाप ज्याला 'न्हाय' म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात घातलं, त्याला नाही."

चिंतामणरावांनी हात जोडले. फ्लेक्सवर जोडतात तसेच. "बाई, तो फोटो उतरवा. बिरू इथंच राहील, जन्मभर. माझा शब्द."

"सकाळीच ठाण्यात दिलाय तो. अनसूयाचा जबाब आता घेतील. आणि बिरू इथं राहणार तो त्याच्या हक्कानं, तुमच्या शब्दावर नाही."

बाहेर पोलिसांची गाडी थांबल्याचा आवाज आला. कुशल तिकडं गेला, त्याच्यामागून आबा, आणि मग एकेक करून मंडळी उठली. ताटं तशीच राहिली. काहींनी जाता जाता श्रीखंड संपवलं, नाही असं नाही.

गेणबा बिरूची पिशवी उचलून परत खोलीत ठेवायला गेला. येताना म्हणाला, "वहिनी, आबा गेले, सर गेले. आता ह्यास्नी बघनार कोन?"

अनसूयानं पदरानं तोंड पुसलं, पदर खोचला आणि खोपटातली खुर्ची आत आणली. का आणली, ते तिलाही सांगता आलं नसतं.

खुर्ची बघताच बिरू उठला. त्यानं खिशातून पेढा काढला, दिवसांमागून दिवस जपलेला, दगड झालेला. वाटीत दूध ओतलं, पेढा कुस्करला, चमच्यानं घोटघोट घोटला. एक गुठळी राहिली होती, ती बोटानं चिरडली. मग वाटी घेऊन तो त्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन बसला आणि दाराकडं बघू लागला.

"अनसूया," जरिनाबाईनं हळूच विचारलं, "ह्याला कुणी सांगितलं का?"

अनसूयानं मान हलवली. तू मारलंस का, हे त्याला सगळ्यांनी विचारलं होतं. ती मेली, हे कुणी सांगितलंच नव्हतं.

जरिनाबाई त्याच्याजवळ खाली बसली. नोकरीत तिनं कितीक दारांत उभं राहून अशा बातम्या दिल्या होत्या. "बिरू," ती म्हणाली, "म्हाळसा मेली रे. ती आता यायची नाही."

बिरूनं तिच्याकडं बघितलं.

"न्हाय," तो म्हणाला.

आणि दुधावर माशी बसू नये म्हणून त्यानं वाटीवर हात झाकून धरला.